न चालवलेला सातवा धडा

अमृत धुळ्याला देवपुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा आणि मराठीत कॉम्प्युटरची पुस्तकं लिहिणाऱ्यांना शिव्या घालायचा. दोन्ही कामं मनापासून. हे लोक इंग्रजीवरून उतरवतात, स्वतः एक कळ दाबून बघत नाहीत आणि वर मलपृष्ठावर फोटो छापतात, असं तो चारचौघांत नावं घेऊन बोलायचा. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात काय चालतं यावर त्याने स्वतः पुस्तक लिहिलं, तेव्हा प्रस्तावनेत ठणकावलं, 'यातली एकही आज्ञा मी चालवून पाहिल्याशिवाय लिहिलेली नाही.' भडगावला घरी गेला की हेच अहिराणीत, छाती काढून सांगायचा, "बठ्ठं मी करी दखेल शे."

असलं पुस्तक लिहिणं म्हणजे पुरातल्या गिरणेचं पात्र मोजणं. शाई वाळायच्या आत सिस्टिमचा गाभा बदलतो, काल होती ती फाइल आज नसते. सहा धडे त्याने खरोखर चालवून लिहिले. सातवा होता पाळीचा. प्रोसेसरपुढे शंभर कामं ताटकळत असतात, त्यांत आधी कोण, हे ठरवणाऱ्या भागाचा. त्याने आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं, अशी फाइल नाही. नव्या आवृत्तीत ती काढून टाकली होती. नवी रचना समजून घ्यायला महिना गेला असता, आणि पुस्तक तर कॉलेजं सुरू व्हायच्या आत हवं होतं. अमृतने एका जुन्या लेखातले आकडे उचलले, पान एकशे बारावर छापायला दिले आणि वर लिहिलं, 'माझ्या मशीनवर आलेलं उत्तर.'

वर्षभर कुणी काही बोललं नाही. पहिल्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती खपल्या. दुसरी आवृत्ती छापखान्यात जायच्या आठवड्यात फैजपूरहून नूतन नावाच्या मुलीचं पत्र आलं. तक्रार नव्हतीच. तिने लिहिलं होतं की पान एकशे बारावरची फाइल तिला सापडत नाही, चार दिवस झाले, तिने सिस्टिम तीनदा पुसून नव्याने टाकली, तरी नाही. शेवटी एकच ओळ होती, 'सर, तुम्ही तर चालवून पाहिलंय, मग माझं काय चुकतंय?'

ती ओळ वाचून अमृतला जेवण गेलं नाही.

पत्र खिशात घालून तो जळगावला प्रकाशकाकडे गेला. सुरेशचंद शेठ नुकतंच आठ दिवसांच्या उपासाचं पारणं करून गादीवर बसले होते. आवाज खोल गेलेला. जैनांची संवत्सरी आदल्या दिवशी झाली होती, ते येईल त्याला माफीसाठी हात जोडत होते. अमृतलाही जोडले आणि म्हणाले, "भाऊ, वर्षभरात मनाने, बोलण्याने काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्."

दरवर्षी अमृत त्यांची टिंगल करायचा, की शेठ, तुमची माफी पण ठोकच्या भावाने. आज त्याने पत्र पुढे केलं आणि सगळं सांगितलं. मान वर झाली नाही.

शेठनी पत्र दोनदा वाचलं. मग व्यापाऱ्याचा तोडगा सुचवला, की खाली बारीक टीप टाकू, आवृत्तीप्रमाणे उत्तरात फरक पडू शकतो. खोटं काहीच नाही त्यात.

"तेच तर," अमृत म्हणाला. "खोटं नाही, आणि मी सुटतो. ती मुलगी मात्र तिथेच राहते."

शेठनी पत्र त्याच्या हातात परत दिलं. "मग मला कशाला सांगतोस? माझं काय दुखावलंयस तू? ज्याचं दुखावलं त्याच्यापुढेच हात जोडावे लागतात. फोन नंबर लिहिलाय तिने."

दुकानात गिऱ्हाईक होतं. अमृतने तिथेच उभं राहून फोन लावला. नाव सांगितल्यावर नूतन इतकी हरखली की त्याला दोनदा सुरुवात करावी लागली.

"तुझं काहीच चुकलं नाही," तो म्हणाला. "ती फाइल माझ्याकडेही नव्हती. आकडे मी दुसरीकडून उचलले. मी तो धडा चालवला नव्हता."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुम्हालाही हेच उत्तर आलं होतं?"

"हो."

"मी आईला सांगून टाकलं होतं, हे मला जमायचं नाही म्हणून."

"आईला सांग, चूक माझी होती," अमृत म्हणाला.

"आणि सहावा धडा, सर?" तिने हळूच विचारलं.

"तो चालवलाय. खरंच चालवलाय."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. आता ती सहावाही स्वतः चालवून बघितल्याशिवाय मानणार नव्हती, एवढंच त्याला त्यात ऐकू आलं.

फोन ठेवून त्याने शेठकडून दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ आणि पेन मागितलं. सातव्या धड्यावर फुली मारली. मग प्रूफाचं पहिलं पान काढलं आणि प्रस्तावनेतली ती ओळ, शाई कागदापार उतरेपर्यंत, खोडत राहिला.