केसभर उतरलेला पंचम

आश्विनातले ऊन मिरजेत उतरते ते आधी भोपळ्यांवर. तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या गल्लीत पत्र्यांवर, कट्ट्यांवर, उंबऱ्यांच्या कडेला वाळत ठेवलेले थोराड पिवळे भोपळे त्या उन्हात सोनसळी होतात, आणि एकही तार अजून चढलेली नसताना ती गल्ली नुसत्या रंगानेच गुणगुणू लागते. कृष्णेकडून येणारा वारा ओला नसतो, कोरडाही नसतो. असल्या हवेत लाकूड फुगत नाही आणि तार ढळत नाही, असे तिथले कारागीर म्हणतात. त्यांचे ऐकावे, ती माणसे उगाच बोलत नाहीत.

अशाच एका पीतप्रसन्न सकाळी, ऐन दसऱ्याला, श्रीपाल मगदूम त्या गल्लीतून तंबोरा घेऊन निघाला. रिक्षावाल्याला त्याने तीनदा बजावले, हळू चालव. तंबोरा मांडीवर आडवा, एक हात भोपळ्याखाली, एक हात खुंट्यांवर. दवाखान्यातून बाळ घरी आणावे तसा त्याने तो घरी आणला.

तंबोरा त्रिशलेसाठी होता. त्रिशला त्याची बायको. छत्तीस वर्षे शाळेत शिकवून ती मे महिन्यात निवृत्त झाली होती. लग्नाआधी आठ वर्षे गाणे शिकली होती. मग शाळा आली, सासू आली, मुलगी आली, आणि गाणे उरले ते भाकरीच्या वाफेपुरते. आठ वर्षांचे गाणे आणि छत्तीस वर्षांचे मौन. ते मौन आता सुटायचे होते.

श्रीपाल होता टेलिफोन खात्यातला. पस्तीस वर्षे तो खांबांवर चढला. कानाला रिसीव्हर लावून, डोळे मिटून, शेतांवरून, ओढ्यांवरून, बाभळींवरून गेलेल्या कोसकोस तारांतला बिघाड तो नुसत्या खरखरीवरून ओळखायचा. पुढच्या वळणाला तिसरा खांब, म्हणायचा, आणि बिघाड तिसऱ्याच खांबावर निघायचा. त्या कानांचा त्याला अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच म्हणा. रूप बेताचे, उंची बेताची, पगारही बेताचाच. पण कान असे, की साहेब लोक घरी बोलवायला यायचे. तेव्हा तंबोरा कोण लावणार, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नाही.

चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची, पितळी, गंभीर. त्याने खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, भोपळ्यावर कान टेकवला, पुन्हा मणी सरकवले. मग चारी तारा छेडून त्याने मान वर केली. साठी उलटलेल्या त्या तोंडावर निकाल लागलेल्या पोराचा आनंद होता.

“लागला?”

पहिली तार उतरलेली होती. फार नाही, केसभर. पण दूध नासायला मिठाचा खडा केवढा लागतो? त्रिशलेला कळले. तिने तारेकडे पाहिले नाही, त्या तोंडाकडे पाहिले.

“लागला,” ती म्हणाली.

एका शब्दाचे खोटे, आणि तेही मायेने बोललेले. असली खोटी घरोघरी बोलली जातात, आमटी छान झाली म्हणून सांगितले जाते, आणि कुणाचे काही बिघडत नाही. इथे मात्र बिघडणार होते.

हेमंत आला. धूसर, धवल, धुक्याने भरलेला. दररोज पहाट उलटून गेली, खिडकीच्या गजांवरचे दव सुकू लागले, की तो तंबोरा घेऊन बसे आणि ती गाऊ लागे. तंबोरा चुकला तर गाणाऱ्याने काय करावे? तो लावून घ्यावा. पण लावणारा चुकला हे सांगायचे नसेल, तर एकच वाट उरते, गळा चुकवावा. त्रिशलेने गळा चुकवला. वर जाणारा स्वर तिने त्या उतरलेल्या तारेपाशी थांबवला. पहिल्या महिन्यात तिला ते टोचायचे. दुसऱ्या महिन्यात कमी टोचले. तिसऱ्या महिन्यात टोचेनासे झाले, आणि खरे भ्यायला हवे होते ते तिथे.

संक्रांतीला बंगळूरहून मुलगी आली, स्नेहल. नातीला घेऊन आली, खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली, आणि एक यंत्रही घेऊन आली. बटण दाबले की तंबोरा वाजतो असे. श्रीपालने ते हातात घेऊन उलटेपालटे केले आणि परत खोक्यात ठेवले. “घरात जिवंत माणूस असताना डबा कशाला?” त्याने विचारले. सगळे हसले. नातीने तो डबा बाहुलीच्या उशाला दिला.

पण जाण्याच्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून स्नेहल हळूच म्हणाली, “आई, बाबांना कमी ऐकू येतं का गं? मी तीनदा हाक मारली.”

“लक्ष नसतं त्यांचं,” त्रिशला म्हणाली. एक खोटे एकटे राहत नाही म्हणतात. ते दुसऱ्याला सोबतीला बोलावते.

फाल्गुनात दोघे श्रवणबेळगोळला गेली. शिळामय, शुभ्र, उन्हाने तापलेला तो डोंगर. दगडात खोदलेल्या सहाशेच्या वर पायऱ्या. आणि माथ्यावर वस्त्रहीन, विकारहीन, आकाशाला खांदा लावून उभा राहिलेला तो महाकाय शांतपणा. वर पोचेपर्यंत दोघांच्या गुडघ्यांनी आपापले म्हणणे मांडून झाले होते. श्रीपाल हात जोडून उभा राहिला, मग सावलीला टेकला आणि डोळे मिटून म्हणाला, “केवढी शांतता आहे गं इथं.”

त्या क्षणी मूर्तीमागच्या भिंतींवर पाखरांचा कल्लोळ चालला होता. शेकडो पाकोळ्या. तीक्ष्ण, तार, रुपेरी चीत्कारांनी सगळा माथा भरून गेला होता. शेजारच्या एका बाईने पोराच्या कानांवर हात ठेवले होते. आणि हा म्हणत होता, शांतता.

त्रिशलेने पाखरांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. आता तिला नक्की कळले. तारेच्या कडेने जी बारीक, झळझळती धार असते, तीच त्याच्या कानांतून निघून गेली होती. जाड आवाज राहिले होते, बारीक गेले होते. त्याला सांगावे, असे तिच्या ओठांपर्यंत आले. पण पस्तीस वर्षे ज्या एका गोष्टीवर माणूस ताठ उभा राहिला, ती गोष्ट त्याच्या पायाखालून कशी काढायची? “हो,” ती म्हणाली, “फार शांत आहे.” दोघे खाली उतरली. उतरताना त्याने तिचा हात धरला होता.

चैत्रापासून मंगळवार ठरला. सांगलीच्या वाटेवर दृष्टिहीन बायकांचा एक आश्रम आहे. पुढे गुलमोहर, मागे विहीर, मध्ये अठरा बायका. त्रिशला त्यांना गाणे शिकवू लागली, पदरचे, हौसेचे. श्रीपाल तंबोऱ्यावर. पेटीवर शेवंताक्का, पन्नाशीची, रुंद कपाळाची, जन्मांध. गुलमोहर रक्तवर्ण झाला, झडला, हिरवा झाला. आषाढात आश्रमाच्या बाईंनी सांगितले, यंदा दसऱ्याला वर्धापनदिन, आणि चाळीस मिनिटे त्रिशलाबाईंनी गायचे. लोक येतील. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर चाळीस मिनिटे. त्या रात्री तिला जेवण गेले नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी, शिकवणी संपताना, शेवंताक्का पेटीचा भाता मिटत म्हणाली, “बाई, राग मानू नका. पंचम खाली बसतोय. इतके मंगळवार मी गप्प बसले.”

कुणाचा, ते ती बोलली नाही. तिला तारही कळली होती आणि गळाही कळला होता. पण नवराबायकोच्या मधे बोट घालू नये एवढे शहाणपण तिला होते.

श्रीपालला वाटले ते साहजिक होते. परतताना रिक्षात त्याने त्रिशलेच्या गुडघ्यावर हात ठेवला. तंबोरा दोघांच्या मध्ये होता. “मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “वय झालं की सूर ढळायचाच. मी आहे ना तंबोऱ्यावर, तू माझ्या तारेला धरून राहा.”

तिला त्याचा राग आला. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. पाठोपाठ त्याची कीव आली, आणि आपल्याला कीव आली याची लाज वाटली. रिक्षाबाहेर हळदीची शेते ओली, हिरवी, मुकाट चालली होती.

पुढच्या मंगळवारी तो रिक्षा बघायला फाटकाबाहेर गेला तेव्हा ती पेटीपाशी खाली बसली. “आक्का, पंचम द्या.” शेवंताक्काने पट्टी दाबली. त्रिशलेने डोळे मिटून स्वर लावला. तंबोरा नव्हता, नवरा नव्हता, चुकायला कारणच नव्हते. आणि तरी तिचा पंचम पेटीच्या खाली उभा राहिला, त्या ओळखीच्या, सवयीच्या, उतरलेल्या जागी. पुन्हा लावला. पुन्हा तिथेच. वर्षभर त्याला सांभाळताना तिने स्वतःचे काय घालवले ते तिला त्या पट्टीवर कळले. दसऱ्याला दोन महिने राहिले होते.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आले. उपवासाचे, मंदिरातल्या मंद दिव्यांचे, मितभाषी, मृदुल दिवस. आणि पर्व सरल्यावर क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी जैनांच्या घरी धाकटा थोरल्याची क्षमा मागतो, थोरला धाकट्याची मागतो, शेजारी शेजाऱ्याची. फोनवर फोन होतात. जाणता-अजाणता काही चुकले असेल तर उत्तम क्षमा. बहुतेकांचे ते तोंडपाठ असते, आणि पाठ असलेले शब्द घशाला खरचटत नाहीत.

श्रीपाल पांढऱ्या धोतरात समोर येऊन उभा राहिला. दरवर्षी दोघे सगळ्यांत आधी एकमेकांची मागायची. “जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा कर,” तो म्हणाला आणि तिच्या शब्दांची वाट पाहत थांबला. त्याला चहा हवा होता.

त्रिशलेने हात जोडले. ते वाक्य छत्तीस वेळा तिने म्हटले होते. आज ते पुढे सरकेना.

“अजाणता नाही,” ती म्हणाली. “जाणून चुकले. तंबोरा लागलेला नव्हता. मी खोटं बोलले.”



“कुठली?” त्याने विचारले. खांबावरच्या माणसाने विचारावे तसे.

“पहिली.”

“किती?”

“केसभर. खाली.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्हाला बारीक ऐकू येत नाही. डोंगरावर पाखरं ओरडत होती, तुम्ही शांतता म्हणालात. आणि आता माझाही पंचम गेलाय. पेटीवर धरून बघितला. लागत नाही.”

बाहेर शेजारची माणसे एकमेकांना क्षमा करत होती. हसण्याचे, चपलांचे, पेढ्यांच्या डब्यांचे आवाज येत होते. श्रीपाल पाटावर बसला. कान गेले हे त्याला लागले; पण त्याहून दुसरेच काही जास्त लागले असावे, कारण मग तो बोलला ते कानांबद्दल नव्हते.

“त्या दिवशी रिक्षात मी तुला वयाचं सांगत होतो.”

“हो.”

“आणि तू ऐकून घेतलंस.”

त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. “आता यात क्षमा कुणी कुणाला करायची?” त्याने विचारले. चहा मात्र तिने ठेवला, आणि तो त्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तंबोरा काढला आणि तिच्यासमोर नव्हे, शेजारी धरला. खुंटीवर हात ठेवला. “सांग,” म्हणाला. ती सांगत गेली: वर, अजून, थोडी खाली, थांबा. त्याला त्यातले काही ऐकू आले नाही. पण तार जुळली तेव्हा तिचे खांदे खाली आले, ते त्याला दिसले.

आता तार खरी होती आणि गळा खोटा. ती पंचमाकडे निघायची आणि केसभर खाली थांबायची. वर्षाची वहिवाट पाय सोडत नव्हती. ती थांबे, पुन्हा निघे. थांबे, पुन्हा निघे. तो नुसता छेडत राही, एकसंध, अविरत, अर्धे ऐकत, अर्धे विश्वासाने. असे आठ दिवस गेले. असे चौदा दिवस गेले. दसरा आठवड्यावर आला; एका सकाळी ती म्हणाली की आश्रमाला नाही म्हणून कळवते, आणि तो म्हणाला, उद्या कळव. हे त्यांचे तीनदा झाले.

मग आश्विनातली एक सकाळ. निरभ्र, निवांत, नितळ. ती निघाली, सवयीच्या जागेपाशी आली, आणि न थांबता तिच्यावरून पुढे गेली. स्वर तारेला मिळाला. असा मिळाला, की तार कुठली आणि गळा कुठला हे तिचे तिलाच कळेना, आणि त्या नवलाने तिचा आवाज मध्येच तुटला.

श्रीपालने तिला थांबलेले पाहिले. तार पुन्हा उतरली, पुन्हा आपलेच चुकले, असे त्याला वाटले. न बोलता, ओशाळून, त्याने हात खुंटीकडे नेला.

त्रिशलेने तो हात वरच्या वर धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली.

मग त्याने हात हळूच तारांवर आणला आणि पुन्हा छेडू लागला, जे त्याला ऐकू येत होते ते, आणि जे येत नव्हते तेही.