हवा किती भरायची

मी एक जुना हवेचा पंप आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. लोखंडी नळी, लाकडी मूठ आणि पोटात चामड्याचं वॉशर, एवढाच माझा संसार. पण फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मी जे पाहिलं, ते आजही विसरलेलो नाही. कधी एकदा सांगतो असं झालंय.

कारखान्यातून मी थेट एका शाळेच्या मैदानावर आलो. तिथल्या खेळाच्या सरांची एक अजब पद्धत होती. कुणाचा पारा चढला की ते ओरडत नसत, शिक्षाही करत नसत. नुसतं माझ्याकडे बोट दाखवत. "जा, एक चेंडू भरून आण." मूठ वर ओढताना श्वास आत, खाली दाबताना बाहेर. चेंडू भरला की अंगठ्याने दाबून बघायचा. तो किंचित दबला पाहिजे. तोवर पोरांचा निम्मा राग उतरलेला असे. मग सर विचारत, "आत नक्की काय होतं? राग, रडू की भीती?" किती पोरं माझ्यापाशी मोकळी झाली म्हणून सांगू! काय रुबाब होता तेव्हा माझा.

माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे चौथीतली मिरची. तिचं खरं नाव सगळे विसरूनच गेले होते. पळायला लागली की कुणाच्या हाती लागत नसे, पण राग कायम नाकावर. सामन्याच्या आदल्या आठवड्यात तिने सरावात एका मैत्रिणीला ढकललं. सर शांतपणे म्हणाले, "मिरची, सामन्यात असं एकदा जरी झालं तरी तू बाहेर. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

झालं, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सामन्यासाठी ठेवलेला नवाकोरा चेंडू उचलला आणि दणादण पंप मारायला लागली. श्वासाचा पत्ता नाही, अंगठ्याचं नाव नाही. मी कण्हत होतो, चेंडू दगडासारखा टणक झाला होता. आणि फट्ट! चेंडू फुटला. मिरची मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

सर तिच्याशेजारी मातीत बसले. "काय होतं आत?"

"भीती," ती म्हणाली. "मी चुकले तर सगळे मलाच बोलतील. भीती वाटली की मला रागच येतो, सर."

"चेंडूला 'आता बस' म्हणता येत नाही," सर म्हणाले. "तुला येतं की."

त्याच आठवड्यात शाळेत विजेचा पंप आला. बटण दाबलं की चेंडू तयार. कानामागून आला आणि तिखट झाला! मी सामानाच्या पिशवीत तळाला गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

सामना मी त्या पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून पाहिला. दोन्ही संघ बरोबरीत होते, वेळ संपत आली होती. समोरच्या एकीने मिरचीला पाय घातला. ती तोंडावर आपटली, आणि पंचांना ते दिसलंच नाही. मिरची उठली, मुठी आवळल्या. सर ताडकन उभे राहिले. माझं तर धाबंच दणाणलं.

तेवढ्यात तिने दोन्ही मुठी शेजारी शेजारी धरल्या आणि भर मैदानात हात वर ओढले. श्वास आत. मग खाली दाबले. श्वास बाहेर. पुन्हा वर, पुन्हा खाली. लोक हसायला लागले, कारण तिच्या हातात काहीच नव्हतं. पण त्या रिकाम्या हातांत कोण होतं, ते मी ओळखलं. शेवटी तिने अंगठ्याने स्वतःचाच गाल दाबून पाहिला आणि सुसाट सुटली. सरावात जिला ढकललं होतं, त्या मैत्रिणीलाच तिने पास दिला. गोल!

आता मी शाळेच्या सामानाच्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो. वॉशर वाळलंय. कुणी दोन थेंब तेल सोडलं तर अजून पुष्कळ चेंडू भरीन. पण मित्रांनो, तेवढं नाही जमलं तरी चालेल. आत काही दाटून आलं, तर माझ्याशिवायही हात वर-खाली करता येतात. फक्त अंगठ्याने बघायला विसरू नका.