एकाच जागेला दोघं

आर्नी कोस्केलाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पाठ ताठ केली आणि साहेबाचा आवाज काढला.

“बोला बाई. कामावर अडचण आली तेव्हा काय केलंत?”

“आम्ही मशीन—”

“‘आम्ही’ नाही गं, ‘मी’! पुन्हा ‘आम्ही’ म्हणालीस तर तुझी लिंबाची वडी मी खाणार.”

मार्लिस हसली. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी सकाळी कॉफी आणि वड्यांवर बेकारांची ही मुलाखतीची शाळा भरे. शिकवणाऱ्या बाईंचा एकच हेका: गुण सांगू नका, प्रसंग सांगा, आणि प्रसंगात ‘मी’ म्हणा. एका जागेला शंभर अर्ज येतात, तिथे ‘आम्ही’ला कोण विचारतो? पण अमेरिकेच्या या उत्तरेकडच्या माणसांना ‘मी’ म्हणायचं म्हणजे चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटतं.

कागदाचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. तिथल्या प्रयोगशाळेत मार्लिसने चोवीस वर्षं पाणी तपासलं, आर्नीने खाली मशीन चालवलं. आता सरोवराकाठच्या मत्स्यबीज केंद्रात एकच जागा निघाली होती आणि दोघांनीही अर्ज टाकला होता. ती मिळाली नाही, तर मार्लिसला घर विकून मुलीकडे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जावं लागणार होतं.

“तूही एखादा प्रसंग तयार कर ना,” ती म्हणाली.

“माझा कसला प्रसंग! मशीन चालायचं, मी बघायचो. तू सांग. ऐकायला बरं वाटतं.”

आठ मंगळवार त्याने तिचा प्रसंग ऐकला. टाकीच्या पाण्याला कुजका वास आला. साहेब म्हणाले, चालू राहू दे. मी मशीन थांबवलं. टाकीत विषारी वायू साचला होता आणि खाली बारा माणसं होती. शेवटी शेवटी तिला तो झोपेतही म्हणता आला असता.

गुरुवारी, मुलाखतीच्या दुपारी, सरोवरावरून धुकं आलं ते थेट केंद्राच्या दारात शिरलं. आत अर्धवट उजेडात लांबच लांब हौद होते. तिची सावली पडताच बोटाएवढी हजारो पिल्लं एकदम वळली आणि मग हळूहळू पुन्हा पसरली. पाण्याच्या अखंड झुळझुळीत मार्लिसला वाटलं, आपण कधीपासून इथेच आहोत, कुणीतरी फक्त आज बोलावलंय. जीव अगदी हलका झाला.

केंद्रप्रमुख टेरी तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने नेमका तोच प्रश्न विचारला. मार्लिसने एकदाही न अडखळता सांगितलं, ‘मी’ जागच्या जागी ठेवून.

टेरीचं पेन थांबलं.

“हा प्रसंग आज सकाळी एका गृहस्थांनी सांगितला.”

मार्लिसच्या कानशिलात रक्त चढलं. चोर मेला! वड्या खात समोर बसून चोरी!

“कोस्केला?”

“हो. पण त्यांनी सांगितलं, वास तुम्ही ओळखलात. मशीन थांबवायचं बटण त्यांनी दाबलं.”

मार्लिसला तो दिवस आठवला. मशीनच्या गोंगाटात ती ओरडत होती, साहेब मान हलवत होते, आणि बाजूने एक तेलकट हात पुढे आला होता. त्या हाताच्या धन्याला साहेबांनी शिक्षा म्हणून पुढे आठवडाभर घरी बसवलं होतं. हे ती कधी विसरली, कुणास ठाऊक. आठ मंगळवारांत त्याने एकदाही आठवण करून दिली नव्हती.

“जाताना म्हणाले,” टेरी हळूच म्हणाली, “त्या ‘मी एकटीनेच थांबवलं’ असं सांगतील. मनावर घेऊ नका. आम्हाला तसंच शिकवतात.”

हौदांत पाणी वाहत होतं. बाहेर पुढच्या उमेदवाराचे बूट वाजले. टेरीने घड्याळ पाहिलं.

“पुन्हा सांगू का? पहिल्यापासून?” मार्लिसने विचारलं.

“सांगा.”

“मशीनवर त्या दिवशी आर्नी होता,” मार्लिस म्हणाली.