चंद्रावरच्या आरशाची खंडेनवमी

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, माणूस तर नाहीच. तरी तिथं दुर्बीण ठेवायची म्हटलं की नडते ती धूळ. पिठासारखी बारीक, काचेसारखी धारदार, आणि एकदा चिकटली की सुटायचं नाव घेत नाही. या धुळीपायी स्वरदानं आपली ऐन उमेदीची वर्षं घातली होती. हिंजवडीतल्या एका लहानशा कंपनीत बसून तिनं दुर्बिणीचा आरसा असा घडवला होता, की विजेचा हलका झटका दिला की धूळ आपोआप उडून जावी. आरसा एकच. दुसरा करायला वर्ष लागणार, आणि यान काही कुणाची वाट बघत थांबणार नव्हतं. दसरा झाला की आरसा यानवाल्यांच्या हवाली करायचा होता.

त्याआधी खंडेनवमी होती, आणि घोडं तिथंच अडलं.

कंपनीचे मालक दिग्विजय सर विज्ञानाचे भक्त खरे, पण खंडेनवमीचे त्याहून मोठे. गेल्या वर्षी त्यांनी प्रिंटरला हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि त्याच्या पोटातल्या अक्षता काढता काढता दिवाळी आली होती. या माणसाचा हात आरशाला लागला तर संपलंच, हे स्वरदानं ओळखलं. सरळ सांगायचं, तर सर दुखावणार. मग बाईसाहेबांनी शहाणपणा केला. आदल्या संध्याकाळी आरसा डब्यात घालून, कुणाला न विचारता, शेजारच्या माण गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर नेला. सकाळी खोलीला कुलूप घालून पूजेला हसतमुखानं हजर झाली, आणि आरती सुरू व्हायच्या आत डोकं दुखतंय सांगून सटकली.

आता माणमध्ये घरमालकाकडं प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्वरदालाही ठाऊक होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

परतली तर दाराला झेंडूचं तोरण. आत घरमालकीण उज्वलाकाकू तबक घेऊन बसलेल्या, डबा उघडा, आरशाभर हळद सांडलेली, आणि मधोमध ओल्या कुंकवाची पाच बोटं.

"काकू, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? टॅक्टर पुजला, चक्की पुजली, वरच्या पोरांचे लॅपटॉप पुजले. तुझंच हत्यार बिनपुजेचं ठिवायचं व्हय? चंद्रावर चाललंय म्हनालीस, म्हून देव्हाऱ्यातलं कुंकू आनलं."

स्वरदानं वीज जोडली आणि झटका दिला. कोरडी हळद भुर्रकन उडाली, अगदी तिनं कागदावर मांडलं होतं तशी. काकूंनी भक्तिभावानं हात जोडले. ओलं कुंकू मात्र जागचं हललं नाही. पुसायला जावं तर आरशाचा मुलामाच निघून येणार. स्वरदा ढसाढसा रडली. सणाला पोरीला घरची आठवण आली असं समजून काकूंनी तिच्यापुढं पुरणपोळी ठेवली.

दसरा तिनं कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पण आरसा इथून नेलास कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पूजा कराल म्हणून, सर."

"अगं, प्रिंटरनं धडा शिकवला होता मला. यंदा आरशाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दाराला बाहेरून हार घातला आणि हात जोडले. जाऊन बघ, अजून तिथंच आहे."

ती बघायला गेली नाही. सरांवर चिडावं म्हटलं तर तीही सोय उरली नव्हती. यानाचा तोल आधीच बसवलेला होता, त्यामुळं दुर्बिणीच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा जाणार असं ठरलं. त्याच्यावर धूळ बसली काय न बसली काय, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्या ठोकळ्याचं डिझाइन सरांनी स्वरदाकडं दिलं.