सगळ्यांचा एकच पासवर्ड

डिचोलीच्या त्या औषध कारखान्यात रजेचे अर्ज मोबाईलवर गेले, तेव्हा पॅकिंगच्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. पासवर्ड कुणाच्या लक्षात राहायचा? शेवटी त्यांच्यातल्याच सगुणने तोडगा काढला. सगळ्यांचा पासवर्ड एकच, मोरया. चवथीची, म्हणजे गणपतीची रजा सगळ्यांनाच लागते, ती सगुणने बसून एकदम टाकायची. साहेबांच्या मनुष्यबळ विभागातला परेश हे ऐकून गालात हसला. पॅकिंगमधल्याच कमलाक्षीला ते हसणं बरं वाटलं नाही, पण तिनंही मोरयाच ठेवला.

यंदा ऐन चवथीच्या तोंडावर तिच्या भावकीत मयत झालं. सुतकात कसला गणपती नि कसली त्याच्यावर बांधायची फळांची माटोळी? घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ती कामावर आली. नवरा मागेच गेलेला, मुलगी गौरवी नर्सिंगला. या नोकरीवरच दोघींची चूल पेटत होती.

विभाग ओस पडला होता. पाणी प्यायला ती कँटीनमध्ये गेली, तर तिथल्या संगणकावर तेच रजेचं ॲप उघडून परेश एकटाच बसलेला. पडद्यावर सगुणचा फोटो. मग बाबलीचा, मग विठूचा. प्रत्येक फोटोखाली तो काहीतरी टाइप करायचा आणि पुढे जायचा. सगळ्यांच्या रजा तर कधीच मंजूर झाल्या होत्या. मग हा काय करतोय?

परेशने मान वळवली. "कमलाक्षीताई, तुम्ही चवथीला गेला नाहीत?"

"सुतक आसा," म्हणत ती पाणी न पिताच परतली. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

चवथ आटोपून माणसं नेवऱ्या-करंज्यांचे डबे घेऊन परतली. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर सगुणने बोट टेकवलं. लाल दिवा. बाबलीला लाल, विठूलाही लाल. कमलाक्षीला मात्र हिरवा लागला आणि ती आत गेली. मागे रखवालदार जयराम खालमानेनं सांगत होता, तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवरून राजीनामे दिलेत, ते मंजूर झालेत.

"आमी खंय राजीनामो दिलो?" सगुण ओरडला.

"तूच टाकलंस!" बाबलीने त्याची कॉलर धरली. "आमचो पासवर्ड आनी कोणाक म्हायत?"

आत परेश वाटच बघत होता. "तुमची नोकरी शाबूत आहे, ताई. त्या दिवशी तुम्ही कँटीनमध्ये आलाच नव्हता. बरोबर ना?"

कमलाक्षीच्या डोळ्यांपुढे गौरवी उभी राहिली. पण बाहेर सगुणला मारत होते आणि तो रडत आपल्याच गणपतीच्या शपथा घेत होता. ते तिला ऐकवेना. ती तरातरा फाटकाबाहेर आली आणि बाबलीचा हात खेचून म्हणाली, "सोड त्याका! त्या परेशनं केलंय ह्यां. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय."

बाबलीने सगुणची कॉलर सोडली.

तिचा डबा आतच राहिला होता. तो आणायला ती परत फिरली आणि तिने यंत्रावर बोट ठेवलं.

लाल.