सालींची वाट पाहणारा टब

मित्रांनो, जिन्याशेजारच्या गॅलरीत कोपऱ्यात बसलेला मी एक जुना निळा टब. घरात मला आणलं ते कपडे भिजत घालायला. पण काठाला तडा गेला आणि मी त्या कामातून उठलो. काकू मला भंगारात देणार होत्या. काका म्हणाले, "थांब गं, याच्यात अजून जीव आहे." त्यांनी तापवलेल्या सळईने मला भोकं पाडली, ओल्या कागदांचा बिछाना घातला आणि त्यात ओंजळभर गांडुळं सोडली.

"ही वळवळ मला घरात नको!" काकू तेव्हा ओरडल्या होत्या. पुढे मात्र काकूच भाजीच्या साली बारीक चिरून घालू लागल्या. "बिचाऱ्यांना दात कुठे आहेत?" असं म्हणायच्या. काकडीच्या, भोपळ्याच्या, केळ्याच्या साली यायच्या. लिंबू आणि तिखटमिठाचं उष्टं मात्र कधीच नाही. माझं काळंभोर खत शेजारीपाजारी कुंड्यांसाठी मागून नेत. काका मिशीतल्या मिशीत हसत.

मग त्यांची मुलगी नोकरीसाठी दूर गेली. काही वर्षांनी काका वारले. मला घरातलं काही दिसत नाही, पण ओट्यावर काय चाललंय ते माझ्यात पडणाऱ्या तुकड्यांवरून कळतं. साली कमी झाल्या. मग नुसता चहाचा चोथा येऊ लागला. मग झाकण उघडणंही थांबलं. बिछाना वाळला. ज्या भोकांतून गांडुळांना हवा मिळायची, त्याच भोकांतून ती एकेक करून निघून गेली. मला कुणालाच धरून ठेवता आलं नाही.

एका सकाळी शेजारी राहणाऱ्या बस ड्रायव्हरने दार वाजवलं.

"काकू, तुमची मंडळी माझ्या चपलेत मुक्कामाला आलीत!"

काकू ओशाळल्या. "माफ करा हो. हा टब आजच टाकून देते."

ड्रायव्हरने झाकण उचललं. "अहो, ही तर उपाशी आहेत. काहीच घातलं नाहीत?"

"स्वयंपाक केला तर साली निघतील ना!"

त्याने झाकण खाली ठेवलं. "म्हणजे, तुम्हीसुद्धा..."

"एकटीसाठी कुठे भांडी खरकटी करायची? मुलीला फोनवर सांगते, जेवले म्हणून."

ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "माझ्याकडे अर्धा भोपळा पडलाय. मला काही धड चिरता येत नाही. चिरून द्याल?"

किती दिवसांनी विळीचा आवाज ऐकला! थोड्या वेळाने माझ्यावर पाणी शिंपडलं गेलं आणि गार, ओल्या साली पडल्या. तळाशी उरलेली चार-दोन गांडुळं हळूच वर सरकली. आत भाजी शिजेपर्यंत ड्रायव्हरही थांबला.

गेलेली परत आली नाहीत. जिन्यात वाळून पडलेली काकूंनी झाडून गोळा केली आणि कुंडीतल्या मातीत ठेवली. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी येतो. एरवी काकू एकट्याच असतात. एखाद्या दिवशी झाकण उघडत नाही, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. पण बहुतेक संध्याकाळी त्या ताट घेऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसतात.

मित्रांनो, पाळलेल्या जिवांना विसरू नका. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर दारातूनच विचारपूस करून परतू नका. हातात भाजी घेऊन आत जा, आणि ती शिजेपर्यंत थांबा.