तिच्या ऑपरेशनवर त्याची सही

दवाखान्यातून घरी येऊन तिला चार दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट लावली होती. सासू वेळच्या वेळी गरम दूध आणून देई, उठताना पाठीला हात लावी, वाकूसुद्धा देत नसे. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या या बाईला लग्नानंतरच्या बारा वर्षांत इतकी विश्रांती कधी मिळाली नव्हती.

दवाखान्यातले सहा दिवस मात्र तिला आठवायला नको वाटत. काहीही विचारलं की उत्तर एकच, तुमच्या मिस्टरांना सांगितलंय. डॉक्टर खाटेपाशी उभे राहून तिच्याविषयी बोलत, तिच्याशी नाही. पोटात गाठ होती, ती काढली, एवढंच तिला ठाऊक होतं. पण घरच्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं, म्हणून ती सगळं विसरायला तयार होती.

त्या दिवशी टाके काढायला नर्स घरी आली. हाताने हलकी, तोंडाने मोकळी. कापूस आवरता आवरता म्हणाली, "चला ताई, दर महिन्याची कटकट मिटली तुमची."

"म्हणजे?"

नर्सचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं. सासू लगबगीने आत निघून गेली.

तिने फाइल मागितली, तर ती कपाटात आहे आणि किल्ली तिच्या नवऱ्याकडे आहे, असं सासूचं आतून उत्तर आलं. टाके काढण्यासाठी नर्सला दवाखान्याने कागदांची प्रत दिली होती. ती तिने मुकाट्याने पुढे केली. रोज दुसऱ्यांच्या मजकुरातली वेलांटी न् वेलांटी पाहणारी बाई स्वतःबद्दलचा मजकूर पहिल्यांदाच वाचत होती. गाठीसह गर्भाशय काढले. संमती : पती.

नवरा बस चालवायचा. संध्याकाळी तो आला, तेव्हा तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत. आधी त्याने टाळाटाळ केली. मग सांगितलं, की नुसती गाठ काढता आली असती, पण ती पुन्हा होऊ शकते असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे पुन्हा दवाखाना, पुन्हा रजा, पुन्हा घराची ओढाताण. दोन मुलं आहेतच. त्याने आणि आईने ठरवलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

"मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

तिसरं मूल तिला हवं होतं असंही नाही. तिला आठवत होती ती ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्याने खाटेवर बसून तिला संत्रं सोलून दिलं होतं, एकेक फोड, बिया काढून. तेव्हा सही होऊन गेली होती.

सासू दारात येऊन उभी राहिली. समजूत घालावी तशी म्हणाली, "माझ्या शेवटच्या बाळंतपणात मुलं बंद करायच्या ऑपरेशनवर तुझ्या सासऱ्यांनीच सही केली होती. मला तर वर्षभराने कळलं."

"मग कसं वाटलं होतं, आई?"

सासूने चौकट धरली. "कुणी विचारलंच नाही गं कधी," ती म्हणाली, आणि खाली बसली.

पुढच्या आठवड्यात तपासणीला निघताना तिने फाइल स्वतःच्या हातात घेतली. डॉक्टरांनी सवयीने नवऱ्याकडे तोंड वळवलं, तेव्हा तिने माझ्याशी बोला म्हणून सांगितलं. जवळच्या नातेवाइकाची सही घेण्याची इथे पद्धतच आहे, असं ते म्हणाले.

"मी बेशुद्ध नव्हते, डॉक्टर. खाटेवर बसून पेपर वाचत होते."

तिने लेखी तक्रार टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको, असं नवरा हलक्या आवाजात दोनदा म्हणाला. तिने पोच मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

बाहेर बाकावर एक माणूस गुडघ्यावर फॉर्म ठेवून सहीसाठी जागा शोधत होता. शेजारी त्याची बायको कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ही थांबली. तिच्याजवळ बसली.

"ऑपरेशन तुमचं आहे ना? काय लिहिलंय ते वाचलंत का?"

त्या बाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि फॉर्मसाठी हात पुढे केला.